गिरजाबाईंचा रिकामा माग

आमच्या गल्लीत गिरजाबाई रोज दुपारी माग चालवत, आणि त्या मागावर सूत नसे.

एक धागा नसे. उभा ताणा नाही, आडवा बाणा नाही, धोट्यात कांडी नाही. बाई मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसत, पायाने पावड्या दाबत, हाताने ठोक्याचा हात्या ओढत, आणि खटक्-खट्, खटक्-खट् करत दिवेलागणीपर्यंत काहीच विणत नसत. पण हे 'काहीच' त्या इतकं मन लावून विणत, की त्याची घडी घालून कपाटात ठेवायची सोय असती तर बाईंच्या घरी आज नागपुरातलं सर्वांत मोठं कापडाचं दुकान निघालं असतं.

आता ही गल्ली कोष्ट्यांची. इथे पाळण्यातलं पोरसुद्धा शेजारच्या मागाचा आवाज ऐकून सांगेल की सूत बारीक आहे की जाडं, आणि विणणाऱ्याचं सकाळी बायकोशी भांडण झालं की नाही. अशा ठिकाणी रिकामा माग लपतो होय? दात पडलेल्या म्हाताऱ्याने फुटाणे चघळावेत तसा तो वाजतो. त्यामुळे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि साऱ्या गल्लीकडे त्याचं कारणही होतं. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणे, खड्ड्यात नाग आहे, बाई पाय आपटून त्याला ताकीद देतात. कोणी म्हणे, खाली भोसल्यांच्या वेळचं सोनं आहे, बाई रोज ते जागेवर आहे का ते चाचपतात. माझं स्वतःचं मत असं होतं की हा माग बाईंच्या वडिलांचा, वारलेल्या अण्णाजींचा. जन्मभर जुंपलेला. अशा मागाला एक दिवस जरी मोकळा ठेवला तर तो दावं तोडलेल्या बैलासारखा उठून विणकराच्या शोधात निघेल. हे मी चार ठिकाणी सांगितलं, आणि पाचव्या ठिकाणी तो माग खरोखरच एकदा मस्कासाथेपर्यंत गेल्याचं मला परत ऐकायला मिळालं.

"बाई, पातळ झालं का?" असं कोणी खिडकीतून चिडवलं की बाई आतून म्हणत, "होत आलं."

"रंग कोणता आहे?"

"तुम्हाला आवडतो तो."

आणि खटक्-खट् पुढे सुरू.

मी राहायला बाईंच्या समोर. घराण्यात माझ्यापाशी येऊन माग संपला. बाप कापड विणायचा, माय कांड्या भरायची, मी सदर भागातल्या कचेरीत फायली भरू लागलो. माझं अक्षर बरं असल्यामुळे, आणि दुसरं काहीच बरं नसल्यामुळे, मला आमच्या बालकमंदिराचा चिटणीस केलं होतं.

बालकमंदिर म्हणजे मारुतीच्या देवळामागचं टिनाच्या छपराचं एक दालन. स्वराज्य नुकतंच आलेलं. प्रत्येकाला काहीतरी उभारायचं होतं. ज्यांना धरणं बांधता येत नव्हती त्यांनी बालकमंदिरं काढली. आमच्यात ते काम वकीलसाहेबांनी केलं. ते संस्थेचे अध्यक्ष. बोलायला उभे राहिले की समोरच्या पोराला दात फुटेपर्यंत बोलत. "बालक हे राष्ट्राचं कोवळं पान आहे" हे त्यांचं लाडकं वाक्य. त्या कोवळ्या पानाचं नाक कोण पुसतं, हा प्रश्न भाषणात येत नसे. ते गिरजाबाई पुसत.

आमच्या गल्लीला बालकमंदिराची जी गरज होती ती राष्ट्रालाही नव्हती. माग घरातच. बाप खड्ड्यात, माय चरख्यावर, आणि रांगतं पोर दोघांच्या मधोमध. ते चरख्यात बोट घालणार, खळीच्या मडक्यात तोंड घालणार, आणि तेही जमलं नाही तर सरळ खड्ड्यात पडणार. मी लहानपणी इतक्यांदा खड्ड्यात पडलो, की मी कारकून झालो तो त्यामुळेच, असं माझी माय आजही पाहुण्यांना सांगते. तेव्हा पोराला पाय फुटले की त्याला उचलायचं आणि बाईंकडे टाकायचं. कित्येकांना पाय फुटायच्या आधीच टाकलं जाई.

बाई अण्णाजींची एकुलती लेक. लहानपणीच लग्न झालं आणि लहानपणीच कपाळ पुसलं गेलं. नवऱ्याचं तोंडही त्यांना नीट आठवत नसे. अण्णाजी हट्टी माणूस. त्यांनी पोरीला फायनलपर्यंत शिकवलं, आणि पुढे बालकमंदिर निघायचं ठरलं तेव्हा बालशिक्षणाच्या वर्गासाठी वर्षभर परगावी धाडलं. बाई तिथून परतल्या तेव्हा त्यांच्याबरोबर लाकडी ठोकळ्यांची एक पेटी होती, वरण-भातासारखं शुद्ध मराठी होतं, आणि एक नियम होता.

नियम असा, की मुलाला 'नाही' म्हणायचं नाही. 'नाही' ऐकलं की मुलाच्या मनाची कळी मिटते म्हणे. पोरगं खिडकीवर चढलं तर "चढू नको" म्हणायचं नाही, "ये, आपण खाली बसून गंमत करू या" म्हणायचं. वर्गातल्या बाकीच्या बायांनी हा नियम लिहून घेतला आणि परतताना तिथल्या स्टेशनावरच ठेवून दिला. आमच्या बाईंनी तो नागपूरपर्यंत आणला. आणि आमच्या गल्लीत मूल कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो याचा काही भरवसा नसल्यामुळे, त्यांनी तो सरसकट सर्वांना लावला. 'नाही' हा शब्द बाईंच्या तोंडून गेला तो गेलाच.

तुम्हाला खोटं वाटेल, पण इतवारीच्या बाजारात एक सांड होता. त्याला पाहून शिपाई दिव्याच्या खांबावर चढत. हा सांड एकदा भर प्रार्थनेत बालकमंदिरात शिरला. पोरं गप्प. मी चिटणीस या नात्याने कपाटामागे. बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "अरे वा, कोण आलं? चल बाळ, आपण बाहेर जाऊन पाणी पिऊ या का?" सांडाने बाईंकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि बाहेर जाऊन माठापाशी रांगेत उभा राहिला. त्याने तोंडावर बोटही ठेवलं असं काही लोक सांगतात. मी तसं म्हणणार नाही. मला खुराला बोट दिसलं नाही.

तीच गत माणसांची. एक भरघोस मिशांचा मालगुजार, चांगला गावचा जमीनदार, भर बाजारात बाईंना विचारता झाला, की उमरेडची मोटार इथूनच सुटते ना? सुटत नव्हती. पण तसं म्हणायचं कसं? बाई म्हणाल्या, "आपण दोघं मिळून शोधू या हं," आणि त्याचा हात धरून चालू लागल्या. त्या दिवशी साऱ्या इतवारीने पाहिलं, की एक मालगुजार एका बाईचं बोट धरून निमूट चालला आहे आणि रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो आहे.

शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर आले तेव्हाची हकिकत तर मी शपथेवर सांगतो. साहेब सायकल मारत लांबून आलेले. दालनात उभ्या उभ्या एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होते. बाईंची नजर त्यात मुरलेली. त्या जवळ गेल्या, वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "शू लागली का? मोकळं सांगायचं हं." साहेब लाल झाले, पिवळे झाले, मग त्यांनी मान हलवली, आणि बाईंनी त्यांना मागचा दरवाजा दाखवला. परत येऊन त्यांनी जो शेरा लिहिला तो मी स्वतः वाचला आहे. 'शिक्षिकेस बालमनाची खोल जाण.'

तर असं. पण 'नाही' न म्हणणारं माणूस म्हणजे गावाची पाणपोई. येणारा जाणारा पितो. रांजण कोण भरतं हे कोणी विचारत नाही.

वांगीवाला दारात ओरडला, "बाई, वांगे घेता का?" की बाई घेत. मग साऱ्या गल्लीने बाईंच्या वांग्यांची भाजी खायची. वच्छलाबाई शेजारची. तिने एकदा विचारलं, "बाई, आमच्या गोप्याले आज जरा लौकर आणून सोडू का वं?" बाई म्हणाल्या, "सोडा ना." हा 'आज' पुढे तीन वर्षं चालला. बाई तोंडात राखुंडी घालून अंगणात उभ्या असत आणि गोप्या त्यांच्या लुगड्याला लोंबत असे. न्यायची वेळ झाली की वच्छलाबाईचा निरोप येई, जरा हातचं काम उरकते. एकीने तर पोराबरोबर शेळी आणून बांधली. पोरगं तिच्याशिवाय राहत नाही म्हणाली. बाईंनी शेळी ठेवली. महिन्याभरात ती शेळी प्रार्थनेला डोळे मिटू लागली, आणि डोळे न मिटणाऱ्या पोरांकडे रागाने पाहू लागली.

या सगळ्या गोतावळ्यात एक होती चिंगी. ती बालकमंदिरात येत नसे, बाईंच्या मांडीवर येत असे. प्रार्थना मांडीवर, गोष्ट मांडीवर, ठोकळे मांडीवर. मोठी झाली, दात पडले, तरी मांडी सोडीना. गोष्ट संपेपर्यंत झोपून जाई आणि झोपेत बाईंना "माय" म्हणे. पोरं हसत. बाई तिच्या कपाळावरचे केस मागे सारत. दुपारी चिंगीची खरी माय येई, खांद्यावर टाकून तिला घेऊन जाई, आणि बाई लुगड्याच्या चुरगळलेल्या निऱ्या हाताने सारख्या करत बराच वेळ बसत.

असं चालता चालता बाईंचं काहीतरी बिनसू लागलं. पहिल्यांदा गंमतच वाटली. एके दिवशी त्या वाघाची गोष्ट सांगत होत्या. वाघ शेळीला खायला निघाला, पण थकला, म्हणून झाडाखाली झोपला. पोरं वाट पाहत बसली. वाघ काही उठेना. पाहतात तर बाईही झोपलेल्या, बसल्या जागी, हात वर केलेला तसाच. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली ती बाईंनी पुन्हा सुरू केली. पुन्हा संपली, पुन्हा सुरू केली. पोरं इमानाने मागे म्हणत राहिली. ती प्रार्थना त्या दिवशी कामठीपर्यंत पोचली असती, पण अखेर शेळी कंटाळून ओरडली आणि बाई भानावर आल्या. हळदीकुंकवाच्या घरी मदतीला म्हणून जाऊन त्यांनी सवाष्णींना रांगेत हात धुवायला उभं केलं. चहात मीठ घातलं. एकदा दालनाला आतून कडी घालून, पोरं गेल्यावर, एकट्याच टाटपट्टीवर बसून राहिल्या.

"बाई खसकल्या," पानवाल्याने निकाल दिला. आम्ही हसलो.

माझी माय हसली नाही. ती म्हणाली, "खसकली नाही गा ते. फणीचे दात झिजते ना, तशी झिजून राहिली."

पण दुपार झाली की माग मात्र चालूच. खटक्-खट्. आणि बाई मागावरून उठल्या की तोंडावर पाणी मारून अशा बाहेर येत, जसं काही आत्ताच अंग धुतलंय.

याच सुमारास आमच्या कमिटीची सभा झाली. पलीकडच्या गल्लीतलीही पोरं यायला बघत होती आणि दालनात तर तीळ ठेवायला जागा नव्हती. वकीलसाहेब म्हणाले, दुपारी दुसरा वर्ग काढू. कोणीतरी चाचरत विचारलं, बाई त्याच, त्यांना झेपेल का? यावर वकीलसाहेब हसले. असं हसले, की मला वाटलं आता भाषण होणार. झालंच.

"बाईंना दुपारी काम काय आहे? रिकामा माग हाकतात. अहो, जी शक्ती रिकाम्या मागात वाया जाते, ती आपण राष्ट्राकडे वळवू."

टाळ्या पडल्या. मी लिहिलं, 'एकमताने.' आणि बाईंना सांगायचं काम चिटणिसाकडे आलं.

बाई ठोकळे पेटीत लावत होत्या. मी सांगितलं. हातातला ठोकळा त्यांनी पेटीत ठेवला, बाहेर काढला, पुन्हा ठेवला. मग म्हणाल्या, "हो. आणू या मुलांना." माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली, जेवण झालं का ते विचारलं, आणि घरी गेल्या.

त्या दुपारी माग जो वाजला, तसा आमच्या गल्लीत ना आधी वाजला ना नंतर. फळीवरच्या कपबश्या नाचल्या. भिंतीचे पोपडे पडले. मारुतीच्या देवळातली कबुतरं जी उडाली ती सक्करदऱ्याला जाऊन बसली आणि आठवडाभर परत आली नाहीत. माझी माय चरखा थांबवून ऐकत राहिली.

"काय सांगून आला गा तू तिले?"

मी सांगितलं. तिने वाटीत पाटोडीचा रस्सा वाढला, वर भाकर ठेवली. "जा, देऊन ये. अन् तोंड बंद ठेवजो."

दार लोटलेलं होतं. बाई खड्ड्यात, माझ्याकडे पाठ. हात्या पुढे येई, मागे जाई, आणि प्रत्येक ठोक्यावर बाई बोलत होत्या. ते परगावचं शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेलं होतं. अण्णाजींच्या घरचं बोलणं होतं.

"नाही," खटक्. "नाही," खट्. "वच्छले, नाही. माहं तोंड धुणं होईपर्यंत पोराले नाही आणायचं." खटक्. "वांगे नाही पाहिजेत मले. गळ्यापर्यंत आले वांगे." खट्. "शेळी नाही ठेवत. नाही म्हणजे नाही." खटक्. सांडाचाही नंबर लागला. "नंदी, नाही. चालता हो." खट्. मग हात्या इतक्या जोरात आला की माझ्या हातातली भाकर हलली. "वकीलसाहेब, नाही. नाही. नाही."

मी हसू दाबत होतो. तेवढ्यात माझं नाव आलं.

"भाऊ, तू मले विचारून नाही राहिला. सांगून राहिला."

खटक्.

मी वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि परत आलो. मायला सगळं सांगितलं. इतके दिवस गल्ली विचारत होती ना, की बाई काय विणतात? दिवसभर घशात अडकलेले सगळे 'नाही' बाई रोज दुपारी एकावर एक ठोकून बसवत होत्या. नऊवारीच काय, मंडपाला पुरेल इतकं कापड झालं असेल.

मायने चरख्याचं चाक हातानेच अडवून धरलं. "तं मग दुपारचे लेकरं आले, तं हे ती कुठी म्हणन?"

 'एकमताने' लिहिताना हा प्रश्न मला पडला नव्हता.

दुसऱ्या वर्गाचं उद्घाटन रविवारी ठरलं. दालनात गल्लीतल्या साऱ्या बाया पोरांच्या टाटपट्ट्यांवर मांड्या घालून बसल्या. वकीलसाहेबांच्या गळ्यात हार, समोर टेबल, टेबलाशी मी, आणि दाराशी शेळी. कोवळं पान झालं, राष्ट्र झालं, पानाचं झाड झालं, झाडाची सावली झाली. शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "बाईंचा होकार आहेच. तरी आता लोकशाही आहे, म्हणून सर्वांसमक्ष विचारतो. बाई, उद्यापासून तयार ना?"

बाई उभ्या राहिल्या. "आपण..." त्या म्हणाल्या. "आपण सगळे मिळून..." आणि थांबल्या.  मी जवळ होतो म्हणून मला दिसलं. त्यांचा उजवा हात कमरेपाशी उघडत होता आणि मिटत होता, जसा काही हवेत हात्याची दोरी शोधतो आहे.

टाटपट्टीवर माझी माय बसली होती. तिनेही ते पाहिलं असावं. तिने जमिनीवर तळहात आपटला. खटक्.

वकीलसाहेबांनी मान वळवली. मायने पुन्हा आपटला. खट्. मग तिच्या शेजारची, मग तिच्या पलीकडची. जन्म गेला त्यांचा त्या तालात, त्यांना काय कोणी शिकवायला हवं? सारं दालन वाजू लागलं. खटक्-खट्, खटक्-खट्. लुगड्याच्या काठाखाली बाईंचे पाय हलले. एक पावडी, दुसरी पावडी.

"नाही," बाई म्हणाल्या.

ताल थांबला. वकीलसाहेबांना ऐकू आलं नाही असं नाही, पण विश्वास बसेना. ते हसून म्हणाले, "म्हणजे उद्यापासून नाही. परवापासून."

"नाही."

"मग पुढच्या सोमवारी?"

"नाही, साहेब. दुपारी मले होत नाही. सकाळचेच लेकरं एकटीले होत नाहीत आता." बाई हे अगदी हळू बोलल्या. "मी थकली."

वकीलसाहेबांच्या आयुष्यात मी तेवढा एकच प्रसंग पाहिला, की तोंड उघडं आहे आणि भाषण नाही.

एवढ्यात वच्छलाबाईने डोकं चालवलं. "अन् बाई, आमच्या गोप्याले..."

"तोंड धुतल्यावर," बाई म्हणाल्या. "माहं."

जे हसू फुटलं, त्यात टिनाचं छप्पर एक वीत वर गेलं आणि परत खाली बसताना जरा तिरकं बसलं. आजही पावसाळ्यात त्या कोपऱ्यातून गळतं. वकीलसाहेबही शेवटी हसले. तेवढा माणूस भला. मी लिहिलं, 'दुपारचा वर्ग तूर्त स्थगित,' आणि मायच्या हुकुमावरून पुढे जोडलं, की सकाळी गल्लीतली एकेक बाई पाळीपाळीने मदतीला बसेल. पहिली पाळी वच्छलाबाईची. दुपारी ती बाहेर आली तेव्हा एक बांगडी फुटलेली, अंबाडा कानावर, आणि खांद्यावर शेळीच्या खुराचा ठसा. घरी जाण्याआधी ती आमच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मायबाई, मलेही एक रिकामा माग आणून द्या वं कोणी."

त्यानंतर बाईंचा माग थांबला. दुपारी बाई चक्क झोपत. वांगीवाल्याने गल्ली बदलली. शेळी घरी गेली. बाईंच्या गोष्टीतला वाघही जागा झाला आणि वेळच्या वेळी लोकांना खाऊ लागला. पानवाल्याचं मात्र नुकसान झालं, त्याला नागाचं काय करावं ते समजेना. मी सगळीकडे सांगत सुटलो, की माग उठून गेला, अखेर त्याला विणकर सापडला.

पुढच्या उन्हाळ्याचं सांगतो. सुट्टी संपत आली होती. एके दुपारी मी कचेरीतून लवकर आलो, तर समोरून आवाज येत होता. खटक्... खट्. खटक्... खट्. माय चरख्यापाशी बसली होती, पण चरखा फिरत नव्हता.

"वकीलसाहेब आले होते का?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"चिंगी आली होती पाया पडाले. पहिलीत नाव घातलं तिचं. मोठ्या शाळेत जाते आता." मायने वाटी भरली, भाकर ठेवली. "जा, देऊन ये."

दार तसंच लोटलेलं. बाई तशाच पाठमोऱ्या. पण आज हात्याला जोर नव्हता. पाळण्याची दोरी ओढावी तसा तो येत होता आणि जात होता. मी कान दिला. वकीलसाहेब नव्हते. वच्छलाबाई नव्हती, वांगी नव्हती, मीही नव्हतो. ते सगळे 'नाही' बाई आता उजेडात म्हणायला शिकल्या होत्या. एकच उरला होता.

"माय नाही वं मी तुही," बाई म्हणत होत्या. खटक्. "नाही, चिंगे. बाई आहो मी." खट्. "माय नाही. बाई." आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी वाटी घेऊन परत आलो. मायने वर पाहिलं.

"दिलं का?"

या जन्मी मी सांड रांगेत उभा केला, छप्पर उडवलं, माग मस्कासाथेपर्यंत चालवला. पण त्या दुपारी मला एवढंच सुचलं.

"बाई घरी नाहीत."

समोरून खटक्-खट् येत होतं. कोष्ट्याच्या घरात जन्मलेल्या, साठ वर्षं मागाच्या आवाजात जगलेल्या माझ्या मायने ते ऐकलं. वाटी माझ्या हातातून घेतली, तिच्यावर ताटली झाकली, आणि चुलीच्या कडेला, गरम राहील अशी, ठेवली.

"हो," ती म्हणाली. "नसन घरी."